डब्यातली

"ही आता असेल कुठे?"

साबणवाल्यानं एवढंच विचारलं, आणि टेबलावरचा डबा उचलून, बाजारात खरबूज पारखावं तसा कानाशी नेऊन हलवला. डबा रिकामा होता, वाजला नाही. भिंतीशी खुर्ची टाकून काकू बसल्या होत्या. मांडीवर लेबलांचा गठ्ठा होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला, जणू वारा सुटलाय आणि कागद उडून जातील. खिडक्या तर बंद होत्या.

साबणवाला म्हणजे संस्थेच्या वर्गणी विभागाचा नवा प्रमुख. आधी साबणाच्या कंपनीत जाहिराती करायचा, म्हणून हिशेबनिसांनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं उरकून टाकलं होतं. मुलगा वाईट नव्हता. सगळ्यांना अहो-जाहो करायचा, चहाचा कप स्वतः विसळायचा. पण बोलायला लागला की समोरच्याला आपल्या अंगाला फेस येतोय असं वाटायचं. आज त्यानं सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं होतं ते डब्यासाठी. संस्थेचा डबा, शहरातल्या दुकानांच्या गल्ल्यांवर, दवाखान्यांच्या खिडक्यांत, केस कापणाऱ्यांच्या आरशांखाली वर्षानुवर्षं बसून असलेला. वर चीर, खाली सील, आणि पोटावर गुंडाळलेल्या कागदावर वर्षाच्या आतल्या एका मुलीचा चेहरा. चेहऱ्याखाली दोन शब्द: हिला वाचवा. त्या डब्यांत पडलेल्या नाण्यांतून संस्था जगभरच्या मुलांना लस पाठवायची, गोवराची, घटसर्पाची, डांग्या खोकल्याची. रस्ता संपतो तिथवर बर्फाच्या पेटीतून, आणि पुढे कुणाच्या तरी पाठीवरून.

"म्हणजे बघा," साबणवाला म्हणाला, "इतकी वर्षं आपण सांगतोय, हिला वाचवा, हिला वाचवा. लोक बिचारे टाकतायत. आणि वाचली की नाही ते आपण कधी सांगितलंच नाही! गोष्ट सुरू केली आणि मधेच उठून गेलो. लोकांना शेवट हवा असतो."

"शेवट सगळ्यांचा एकच असतो," हिशेबनीस म्हणाले. ते निवृत्तीला टेकले होते आणि कुणाला घाबरत नव्हते.

"तसा नको हो. गोड शेवट. हिला शोधून काढायचं. आता चांगली बाई झाली असेल, पोरंबाळं असतील. एका बाजूला हा फोटो, शेजारी तिचा आत्ताचा, हसरा. आणि खाली, तुम्ही हिला वाचवलंत."

दोघं-तिघं "अरे वा" म्हणाले.

"आणि गेली असेल तर?" हिशेबनिसांनी विचारलं.

साबणवाल्यानं डबा हळूच खाली ठेवला. "तर मग डबे उचलायचे. सगळे. मेलेल्या मुलीला वाचवा म्हणून आपण कसं मागणार? उद्या कुणी छापलं तर संस्था बसेल. मग लस कोण पाठवणार, तुम्ही?" आणि एकदम हसून तो भिंतीकडे वळला. "काकू, तुम्ही तर मोठ्या बाईंच्या वेळेपासून आहात. काही ठाऊक आहे का हो हिचं?"

काकूंनी मांडीवरची लेबलं सारखी केली. "मी आपली खळ लावणारी," त्या म्हणाल्या, आणि सगळे हसले, आणि विषय वर्तमानपत्रात द्यायच्या निवेदनाकडे गेला.

खळ लावणारी हे काही खोटं नव्हतं. मागच्या लांबट खोलीत त्यांचं राज्य होतं. मैद्याची खळ मंद आचेवर घोटायची, गुठळी राहू द्यायची नाही, चिमूटभर मोरचूद टाकायचा म्हणजे झुरळं लागत नाहीत. कागद ओला झाला की ताणतो, हे नवख्याला कळत नाही. खळ लावल्या लावल्या गुंडाळला तर चेहरा रुंद होतो, गाल सुजल्यासारखे दिसतात. फार वेळ ठेवला तर सुरकुततो आणि बाळ एकदम म्हातारं होतं. मधला एक क्षण असतो. त्या क्षणाला कागद उचलायचा, डब्यावर टेकवायचा, कपाळाकडून हनुवटीकडे तळवा फिरवत आतली हवा काढायची आणि जोड मागच्या बाजूला न्यायचा. मोठ्या बाई, म्हणजे संस्था ज्यांनी उभी केली त्या, दारात उभ्या राहून बघायच्या आणि म्हणायच्या, "अहो, तुम्ही डबा चिकटवताय की बाळाला न्हाऊ घालताय?" काकू मान वर न करता हसायच्या. कपाळ, मग डोळे, मग नाक, मग ओठ. मऊ ओल्या कागदाखाली गार पत्रा. न्हाऊच घालत होत्या त्या. ती त्यांचीच होती, त्यांची पहिली, आणि ती गेली तेव्हा तिचे पुढचे दात नुकते कुठे टोचायला लागले होते.

घरी जाताना त्यांनी नेहमीचा रस्ता सोडला आणि दुकानांच्या ओळीतून चालत गेल्या. ही सवय जुनी. औषधाच्या दुकानातली थोडी पिवळी पडली होती, तिच्यावर दुपारचं ऊन यायचं. चपलांच्या दुकानातलीच्या कपाळावर कुणीतरी पेनानं हिशेब केला होता. कुलपं विकणाऱ्याकडची मात्र नवीकोरी, कारण तो म्हातारा रोज फडकं मारायचा. "ही बघते बघा कशी," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "कुठेही उभे राहा, तुमच्याकडेच बघते." सगळेच म्हणत तसं. काकूंना मात्र ठाऊक होतं ती कुणाकडे बघते. इस्पितळाच्या व्हरांड्यात गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक उंच माणूस आला होता. त्या वेळी काकू काकू नव्हत्या, विशी नुकती ओलांडलेली एक घाबरलेली पोर होत्या. त्यांना वाटलं, इस्पितळाचाच माणूस असेल, कागदाला फोटो लागत असेल. म्हणून त्यांनी पदरानं तिचं नाक पुसलं, जावळ सारखं केलं, झबलं खाली ओढलं. त्या माणसानं हातानं खूण केली, तुम्ही जरा बाजूला व्हा. त्या बाकावर तिला निजवून बाजूला झाल्या, त्याच्या खांद्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. तो थांबून राहिला. कशासाठी थांबलाय ते त्यांना कळेना. तिचं नाक परत वाहायला लागलं, डोळे भरले, ती मान वळवून आईला शोधायला लागली, आणि सापडली तिला आई, त्याच्या खांद्यामागे. नेमकं तेव्हा त्यानं बटण दाबलं. सगळ्या शहराला वाटतं ती आपल्याकडे बघते. आणि वर लोक हळहळतात, "बिचारीला कुणीच नाही वाटतं." एकदा बसच्या रांगेत एक बाई हे म्हणाली, तेव्हा काकूंना रांग सोडून निघून जावं लागलं होतं. कुणी नाही कसं? दोन हातांवर उभी होते की मी. काढलं मला बाजूला.

गोवर आला होता त्या वर्षी. आधी गोवर, मग छाती भरली. लस होती जगात, नव्हती असं नाही. त्यांच्या भागात ती पुढच्या वर्षी आली. निळ्या पेट्या घेऊन माणसं आली, शाळेच्या अंगणात रांग लागली, पोरं भोकाड पसरून रडली. काकूंचे यजमान दाराच्या चौकटीला टेकून ते रडणं ऐकत उभे होते. "एक वर्ष उशीर," एवढंच म्हणाले. त्यानंतर मेले तोवर त्यांनी तिचा विषय काढला नाही. ते दोघं शहरात आले, यजमानांना छापखान्यात नोकरी लागली, आणि एके दिवशी मीठ आणायला म्हणून गेलेले रिकाम्या हातांनी परतले. "मिळालं नाही?" तर म्हणाले, "त्या दुकानात तू जाऊ नकोस." अशी ताकीद दिल्यावर कोण बाई जाणार नाही? काकू गेल्या. गल्ल्यावर ती होती. साखरेच्या पोत्याला धरून त्या उभ्या राहिल्या आणि दुकानदार म्हणाला, "काय बाई, भोवळ आली का?" यजमान पुढे आयुष्यभर डबा नसलेली दुकानं शोधत हिंडले, त्यासाठी दोन गल्ल्या पलीकडून साबण आणायचे, केस घरीच कापून घ्यायचे. काकूंचं उलटं झालं. ज्या दुकानात डबा नाही तिथलं सामान त्यांना सपक लागायचं.

त्या डब्याच्या तळाशी संस्थेचा पत्ता होता. एक वाक्य घोकत त्या इथे आल्या होत्या: ती माझी आहे, ती गेली, तिला काढा. पायऱ्या चढतानाही ओठ हलत होते. दार मोठ्या बाईंनीच उघडलं. कोपरापर्यंत खळीनं माखलेल्या, केस विस्कटलेले, कपाळावर चिकटलेला कागदाचा तुकडा. "देवानंच धाडलं तुम्हाला! आत या. खळ घोटता येते?" त्या म्हणाल्या. आत लांब टेबलावर ती पसरली होती. एक नाही, दोन नाही, टेबलभर ती, ओळीनं वाळत टाकलेली, सगळ्याच्या सगळ्या दाराकडे मान वळवून आईला शोधत असलेल्या. घोकलेलं वाक्य कुठल्या कुठे गेलं. "येते," काकू म्हणाल्या. आणि त्या आल्या त्या आल्याच. एक आईपण घरात संपलं होतं, ते त्यांना इथे पगारावर मिळालं. पुढे मोठ्या बाई अंथरुणाला खिळल्या, काकू भेटायला गेल्या, तेव्हा बाईंनी हात धरून विचारलं होतं, "त्या पोरीनं किती मुलं जगवली, नाही? ती स्वतः जगली असेल ना हो?" काकूंनी बाईंची उशी सारखी केली होती. मरणाऱ्या माणसाला काय सांगायचं आणि काय नाही, याचं कुणी शिक्षण देत नाही.

घरी मुलगा आधीच येऊन बसला होता. तिच्यानंतर बऱ्याच वर्षांनी झालेला, आता कानशिलं पिकलेला. त्याला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक असू नये असं दोघांनी कधी ठरवलं नव्हतं; न बोलताच ते ठरून गेलं होतं. लहानपणी तो काकूंच्या कमरेला लोंबकळत दुकानात यायचा आणि डबा दिसला की हटून बसायचा. "आई, डब्यातलीला भूक लागलीय." त्याला वाटायचं ती चीर म्हणजे तिचं तोंड. मग काकू नाणं द्यायच्या, तो टाचा उंच करून घास भरवल्यासारखं ते आत सरकवायचा, कान लावून ऐकायचा आणि जाहीर करायचा, "गिळलं!" घरी ते ऐकवलं की यजमान उठून आतल्या खोलीत जायचे.

"अगं, तुमच्या डब्यातलीला शोधतायत म्हणे," तो म्हणाला. फोनवर बातमी होती. "गंमत बघ, मला लहानपणी ती आपल्याच घरातली वाटायची. म्हणजे कशी, कुठेतरी ठेवायला दिलेली बहीण असते ना, तशी. मी मित्रांना सांगायचो, माझी बहीण दुकानात असते."

काकू ताट पुसत होत्या. पुसलेलंच ताट परत पुसत होत्या. आत्ता म्हणायचं. आत्ता नुसतं म्हणायचं, अरे, बरोबरच वाटायचं तुला. एवढंच. मग तो विचारेल नाव काय होतं. आणि ते नाव, जे इतकी वर्षं कुणाच्या जिभेवर आलं नाही, ते आता तोंडातून कसलं निघेल, गंजलेल्या बिजागरीसारखं? आणि त्याला कळलं की सूनबाईला कळणार, सूनबाईला कळलं की गावाला. मग डबे उचलणार. कुलूपवाल्याकडून, औषधवाल्याकडून, चपलांच्या दुकानातून पोत्यात भरून आणणार, मागच्या खोलीत ओतणार आणि म्हणणार, काकू, लेबलं खरवडून काढा, पत्रा उपयोगाचा आहे. एकदा इस्पितळातून रिकाम्या हातांनी आले, आता शहराच्या प्रत्येक दुकानातून यायचं. आणि जिथे रस्ता संपतो तिथली ती पोरं, त्यांच्या आया? त्यांना पण कुणीतरी सांगायचं, एक वर्ष थांबा?

"सापडली तर मी जाणार बघायला," मुलगा म्हणाला. "एवढी नाणी चारलीत, ओळख तर द्यायला हवी."

"हात धू," काकू म्हणाल्या. "जेवायला बस."

निवेदनाला उत्तर म्हणून एकच बाई आली, पण अशी आली की मांडवभर पाहुणे आल्यासारखं वाटलं. शाळेची बस चालवायची ती. निळा सदरा, बाह्या वर दुमडलेल्या, रुंद हात, पुढच्या दातांत फट. जिन्यातूनच तिचा आवाज ऐकू आला. "गाडी चुकीच्या जागी लावलीय, लवकर आटपा, नाहीतर तुमच्या डब्यातलीला दंड होईल!" मोठ्या खोलीत सगळे जमले. साबणवाल्याचा चेहरा उजळून निघाला. दोन फोटो शेजारी शेजारी त्याला आत्ताच दिसायला लागले होते.

"तुम्हाला कसं कळलं, तुम्हीच त्या?"

"आई सांगायची. गोवरात मी त्याच इस्पितळात होते. आम्ही पाच बहिणी. पण दुकानात गेलो की आई डबा दाखवून मलाच म्हणायची, ही बघ तू. तुला सगळ्या लोकांनी मिळून वाचवलंय. बहिणी जळायच्या नुसत्या." ती हसली. मग बसने गतिरोधक ओलांडावा तसा तिचा आवाज एकदम हळू झाला. "आई गेली आता हिवाळ्यात. नाहीतर तिलाच आणली असती."

साबणवाल्यानं डबा तिच्या गालाशी धरला. "डोळे बघा हो. तेच डोळे!"

"डोळे दोन आहेत, तेवढं जुळतंय," हिशेबनीस म्हणाले.

"काका, तुमचं लग्न कोणी जुळवलं? त्यांची तरी दृष्टी बरी होती का?" बसवाली म्हणाली, आणि हिशेबनिसांनी, आयुष्यात बहुधा पहिल्यांदा, हसून हात जोडले.

काकू दारात उभ्या होत्या. हाताला खळ होती, ती वाळून कातडी ओढत होती. त्यांनी तिच्याकडे डोळे भरून बघितलं. कपाळ रुंद. आपलं कपाळ अरुंद, यजमानांचंही. कान मोठे. यातलं काहीही तिचं नव्हतं. पण वय तेच होतं, आणि काकूंनी आजवर कधी हिशेबच केला नव्हता की ती एवढी झाली असती. त्यांच्या मनात ती दात टोचायच्या वयाची राहिली होती आणि आपण तेवढ्या म्हाताऱ्या झालो. ही अशी झाली असती? अशी बाह्या दुमडून, अशी मोठ्यानं हसत? एवढी जागा व्यापली असती तिनं खोलीत? आणि मग कुठून तरी खोलातून एक काळाकुट्ट राग वर आला. त्याच इस्पितळात, त्याच गोवरात. कुठल्या खाटेवर होती ही? त्या रात्री हिची आई निजली का पोटभर? पाच पोरी होत्या तिला. पाच. आणि माझी एकच, तीही हवी होती का तिला डब्यावर दाखवायला?

"काकू," साबणवाला म्हणाला, "आता सगळं तुमच्यावर. मोठ्या बाईंकडून काही ऐकलं असेल, काही खूण, काही. आपण खोटं छापणार नाही. तुम्ही हो म्हणालात तर हो, नाही तर नाही."

"मला तिच्याशी बोलायचंय," काकू म्हणाल्या. "एकटीशी."

मागच्या खोलीत लेबलं वाळत टाकली होती. बसवाली उंबऱ्यातच थबकली, टेबलभरच्या त्या चेहऱ्यांकडे बघत राहिली, आणि तिनं नकळत दुमडलेल्या बाह्या खाली ओढल्या, मोठ्या माणसांसमोर ओढाव्यात तशा. काकूंनी तिला स्टूल दिलं. स्वतः उभ्या राहिल्या. ते वाक्य आता जिभेच्या टोकावर होतं, पायऱ्यांवर घोकलेलं, तसंच्या तसं, जराही न झिजलेलं. ती माझी आहे. ती गेली.

"मावशी," बसवालीच आधी बोलली, आणि तो जिन्यातला आवाज पार कुठे गेला होता. "मी नसेन ना, तर सांगून टाका. मी काय, डोकं असलेली बाई आहे, मला काय कळत नाही? पाच पोरींतली मधली, काळी, आजारी. आई बोलली असेल मन राखायला. फक्त बाहेरच्या त्या टायवाल्यासमोर नका सांगू. इथेच सांगा. मी मागच्या दारानं जाते."

"मग आलीस कशाला?" काकूंनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांना वाटला त्याहून कडक निघाला.

"आई गेल्यावर विचारायला कोण राहिलं?" ती नखानं टेबलावरची वाळलेली खळ खरवडायला लागली. "मधे एकदा सगळं नको झालं होतं. नवरा निघून गेला, नोकरी नव्हती. नदीवरच्या पुलाकडे निघाले होते. खरंच निघाले होते, नाटक नाही. जाताना वाटलं, पोरांसाठी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटं घेऊन ठेवावीत, उठली की भूक लागेल त्यांना. तर गल्ल्यावर ही. एक म्हातारा पुढे उभा होता, त्यानं उरलेली चिल्लर हिच्यात टाकली. मला ओळखत नव्हता, काही नव्हता. मी म्हटलं, अगं बये, इतक्या लोकांनी टाकलेत तुझ्यात, आता तू कुठे चाललीस?" ती हसायला गेली, ते जमलं नाही. "बिस्किटं घेऊन घरी आले. म्हणून विचारायचं होतं. मी आहे का ती."

बाहेर मोठ्या खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. काकूंनी टेबलाची कड धरली. त्यांना वाटलं होतं की सगळं आपल्यालाच काय ते तोडायचंय, तिचं तोंड पत्र्यावरून सोलून काढायचं किंवा दुसरीला देऊन टाकायचं. दोन्हींत ती परत एकदा मरणार, फक्त आपल्यासाठी. ही समोर बसलेली, ही बाह्या खाली ओढलेली कुणाची तरी काळी, आजारी, मधली पोर, हिला आपण धरलंच नव्हतं त्यात. त्यांनी तिच्या डोक्याकडे बघितलं. भांग वाकडा पडला होता. घाईत निघाली असणार सकाळी.

"तू रडत नव्हतीस," काकू म्हणाल्या.

बसवालीनं मान वर केली.

"सगळी पोरं रडायची त्या खोलीत, तू नाही. गोवरानं आवाज बसला होता तुझा. पण कुणी जांभई दिली ना, की तू पण द्यायचीस. नर्सनं दिली की तू, झाडूवालीनं दिली की तू. त्या बायका मुद्दाम यायच्या जांभया द्यायला." काकूंचा श्वास लागला. इतक्या वर्षांत यातला एक शब्द त्यांच्या तोंडून बाहेर पडला नव्हता आणि आता ते असे घरंगळत येत होते की त्यांना धरता येईना. "डॉक्टर छाती तपासायला वाकले तर तू त्यांची नळीच धरलीस. मुठीत. सोडेचना. ते म्हणाले, घ्या, ही मलाच तपासतेय. हसले ते. शहाणा माणूस होता. तुझ्या डाव्या पायाचं करंगळीचं बोट शेजारच्या बोटावर चढलेलं होतं, सारखं खाली उतरवावं लागायचं, परत चढायचं. दिवा तुला आवडायचा. दिवा हलला की तू पाय झाडायचीस."

"माझी आई होती जवळ?"

"आई हलली नाही तिथून," काकू म्हणाल्या. "फोटोत नाही दिसत. तिला बाजूला व्हायला सांगितलं होतं. पण होती. तू तिच्याकडेच बघतेयस."

बसवालीनं तळहातानं तोंड झाकून घेतलं. तिचे खांदे हलत होते. नाक ओढत, लहान मुलं गोष्टीत विचारतात तसं तिनं विचारलं, "आणि मग?"

"मग पहाटे ताप उतरला," काकू म्हणाल्या. "आणि तुला घरी नेलं."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पहाटे तिचं अंग गार झालं होतं, आणि यजमानांनी स्वतःचा सदरा काढून त्यात तिला गुंडाळलं होतं, आणि उघड्या अंगानं, सबंध रस्ताभर कुणाशी न बोलता, तिला घरी नेलं होतं.